हौशी डिझाइनसाठी सॉफ्टवेअर फुकटचं घ्यावं की विकतचं?

सेलूहून एकाने विचारलंय: नोकरी सांभाळून हौस म्हणून ग्राफिक डिझाइन शिकायचं आहे. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. करायचं काय, तर भाच्यांच्या वाढदिवसाचे स्टेटस, गल्लीतल्या गणेश मंडळाचा फ्लेक्स, पुढच्या वर्षी बहिणीची लग्नपत्रिका, आणि जमलंच तर हिमरू विणकामासारखी नक्षी काढून टी-शर्टवर छापायची. फ्लेक्सवाला म्हणतो कोरल (कोरलड्रॉ) घ्या, मित्र म्हणतो फोटोशॉप, तिसरा म्हणतो सगळं फुकट मिळतं. पैसे घालावेत का, आणि घालायचे तर कशात?

हा वाद मुळात इंग्रजीत काम करणाऱ्यांचा आहे. त्यांनी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कळ दाबली की अक्षर उमटतं. आपल्याला मात्र किमतीच्या आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. मराठी जोडाक्षर तिथे नीट जुळतं का, आणि तयार झालेली फाइल शेवटी कुठे जाणार: मोबाइलच्या पडद्यावर, फ्लेक्सच्या मशीनवर की छापखान्यातल्या ऑफसेटच्या प्लेटवर. हे दोन नक्की झालं की पैशांचं कोडं बरंचसं सुटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या यादीतल्या कामांसाठी पहिले सहा-आठ महिने सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नका. मुख्य हत्यार इंकस्केप, म्हणजे रेषा-आकार काढायचं फुकट सॉफ्टवेअर, जोडीला फोटोसाठी गिंप, तेही फुकट. उद्या डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं दुकान टाकायचं किंवा तिथे नोकरी धरायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोरल यावंच लागतं, कारण आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत तेच चालतं. पण ती मग हौस राहत नाही.

आता जोडाक्षरांचं. कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं की पहिल्यांदा ही ओळ टाइप करा किंवा चिकटवा:

श्रद्धाने दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय बक्षीस मिळवून गर्विष्ठ मूर्तिकाराला उत्तर दिलं.

अर्थाकडे दुर्लक्ष करा, अक्षरांकडे बघा. 'गर्विष्ठ'मध्ये ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी आणि रफार 'व'च्या डोक्यावर हवा. 'मूर्ति'मध्येही तसंच. 'ष्ट्री' एकसंध हवं, मध्ये पाय मोडलेला दिसता कामा नये. 'दुसऱ्या'तला ऱ्या म्हणजे आडव्या चंद्रकोरीसारखा अर्धा र. तिथे रफार आला तर एकतर टाइप करण्यात चूक झाली किंवा फॉन्ट मराठीचा विचार करून बनवलेला नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त आणि य. वेलांटी अक्षराच्या नंतर लटकत असेल किंवा जागोजागी पाय मोडलेले दिसत असतील, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी कळत नाही. किंमत कितीही असो, ते तुमच्या कामाचं नाही.

इंकस्केप आणि गिंप या कसोटीत पहिल्याच दिवशी उतरतात, काही सेटिंग लागत नाही. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरच्या आत्ताच्या आवृत्त्यांतही जुळतं, पण तिथे अक्षर तुटलेलं दिसलं तर प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात जावं लागतं. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत तिथे मध्य-पूर्व आणि दक्षिण आशियाई भाषांचं इंजिन निवडायचं, इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय दाखवणारी खूण करायची. फोटोशॉपच्या सीएस मालिकेतल्या ज्या जुन्या प्रती पेनड्राइव्हवरून फिरतात, त्यांत ही सोय धड नाही. फुकट मिळालेलं 'महागडं' सॉफ्टवेअर मराठीला निरुपयोगी ठरतं ते असं. स्क्रायबस हे पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर, त्याच्या १.४ मालिकेत जोडाक्षरं तुटायची, २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये जुळतात. म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरविषयी दहा वर्षांपूर्वीचा सल्ला ऐकू नका, ओळ टाकून स्वतः बघा.

फॉन्टसाठीही पैसे लागत नाहीत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू, गूगलचा नोटो देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, छपाईत आणि विक्रीच्या वस्तूंवरही चालतात. यातल्या तिरोत ल आणि श मराठी वळणाचे येतात. पत्रिकेला तो शोभतो, फ्लेक्सच्या मथळ्याला बलू. दोन फॉन्टवर एक डिझाइन भागवा. तिसरा आला की नवशिक्याच्या हातून ते बहुधा बिघडतं.

देवनागरीच्या दोन खोड्या मात्र फुकट-विकत दोन्हीकडे सारख्याच. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय इंग्रजीत छान दिसते. मराठीत ती वापरली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. मथळा रुंद हवा असेल तर फॉन्टची रुंद किंवा ठळक तऱ्हा घ्या, अंतराला हात लावू नका. दुसरी खोडी गोल फिरवलेल्या मजकुराची. कमानीवर नाव फिरवलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी मोडते. कमान अगदी उथळ ठेवा, नाहीतर नाव सरळ ओळीत लिहून भोवतीची नक्षी गोल करा.

आता कामं. स्टेटससाठी १०८० बाय १९२० पिक्सेलचं पान घ्या, पीएनजी काढा, झालं. हे काम कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साइटवर फुकट खात्यातही होतं आणि खरं सांगायचं तर तिथे लवकर होतं. तयार साचा, त्यात फोटो आणि नाव. कॅनव्हाला नाकं मुरडू नका. रात्री साडेअकराला भाच्याचा वाढदिवस आठवला तर तेच उघडा. फक्त त्याच्या मर्यादा माहीत असू द्या. इंटरनेट लागतं. मागचं चित्र काढून टाकणं, पारदर्शक पीएनजी, एसव्हीजी (रेषा-आकारांची फाइल) आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतला पीडीएफ या गोष्टी पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात. छापायला द्यायचं असेल तर 'पीडीएफ प्रिंट' निवडा, तो ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो. साधा पीडीएफ ९६ चाच. आणि तिथल्या साच्यातलं चित्र उचलून कुणाच्या दुकानाचा लोगो बनवू नका, तोच साचा आणखी हजार जणांकडे असतो.

खरी गंमत फ्लेक्समध्ये आहे, आणि सगळ्यात जास्त घोटाळेही तिथेच. दहा बाय चार फुटांचा फ्लेक्स धरा. कुणीतरी सांगितलेलं असतं की छपाईला ३०० डीपीआय लागतात, म्हणून नवशिका गिंप किंवा फोटोशॉपमध्ये १२० बाय ४८ इंच, ३०० डीपीआय असं पान उघडतो. म्हणजे ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल. नुसता एक थर (लेयर) सुमारे २ जीबी मेमरी खातो. चार-पाच थर झाले की ८ जीबीचा लॅपटॉप गुडघे टेकतो, आणि माणूस म्हणतो फुकटचं सॉफ्टवेअर हँग होतं. विकतचंही झालंच असतं. फ्लेक्स दहा-पंधरा फुटांवरून बघतात, त्याला ७२ ते १०० डीपीआय पुरतात. ७२ ने हेच पान ८६४० बाय ३४५६ होतं आणि थर १२० एमबीच्या आसपास.

पण मुळात हे काम पिक्सेलवाल्या सॉफ्टवेअरचं नाहीच. इंकस्केपमध्ये रेषा आणि अक्षरं गणिताने साठवलेली असतात, कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. एक दशांश मापात, म्हणजे १२ बाय ४.८ इंचात काम करा आणि दुकानात सांगा की दहापट करायचं आहे. लॅपटॉपला घाम फुटत नाही. पिक्सेलचा प्रश्न उरतो तो फक्त फोटोंचा, आणि मंडळाच्या फ्लेक्सवर फोटो ढीगभर असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकसून लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. फ्लेक्सवर तो दोन फूट रुंद लावला तर इंचाला ६६ पिक्सेल पडतात, चालून जातं. अध्यक्षांचा म्हणून चार फूट केला की ३३ पडतात आणि चेहऱ्यावर चौकोन दिसतात. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, तो आकसत नाही. कापून मागचा भाग काढायचा असेल तर ते काम गिंपमध्ये करा, पीएनजी काढा आणि इंकस्केपमध्ये आणा. गिंपमध्ये 'सेव्ह' केलं की त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते. जेपीजी किंवा पीएनजीसाठी 'एक्सपोर्ट' असतं. पहिल्या आठवड्यात यावर सगळेच अडखळतात.

फाइल दुकानात न्यायची वेळ आली की फ्लेक्सवाल्याच्या 'कोरल घ्या'चा अर्थ कळतो. त्याच्याकडे कोरल, बऱ्याचदा जुनी आवृत्ती, आणि मराठीसाठी श्री-लिपीसारखे फॉन्ट. ते जुन्या धाटणीचे फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने बांधलेले असतात. तुमचा मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत. एकातला मजकूर दुसऱ्यात चिकटवला की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. त्याला सॉफ्टवेअर बदलून उपाय नाही. तुम्ही विकतचं नवं कोरल घेतलं आणि त्यात युनिकोडमध्ये लिहिलं तरी त्याच्या जुन्या आवृत्तीत ते अडकू शकतं.

उपाय असा, आणि हा इंकस्केपमध्ये दोन मिनिटांचा आहे. मूळ एसव्हीजी जपून ठेवा. त्याची प्रत करा, दुसऱ्या नावाने. प्रतीमध्ये सगळा मजकूर निवडून 'पाथ' मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकार झाले. कुणाच्याही संगणकावर तशीच दिसतील, फॉन्ट असो वा नसो. यापुढे त्यात शुद्धलेखनाची दुरुस्ती होत नाही, म्हणून मूळ फाइल जपायची. पुढची पायरी बरेच जण विसरतात. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणजे रेषा सलग दिसते. आकारात रूपांतर केलं की त्या चढलेल्या जागा तशाच राहतात. अक्षरांना पांढरी किनार दिली किंवा स्टिकर कापायच्या प्लॉटरवर फाइल गेली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर रेघ येते. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक शब्द निवडून 'पाथ' मेनूतलं 'युनियन' द्या, शब्द एकसंध होतो. मग पीडीएफ काढा. पीडीएफ काढताना येणाऱ्या खिडकीतही मजकुराचे पाथ करायचा पर्याय असतो. घाई असेल तर तेवढाच वापरा, पण किनार दिली असेल तर युनियन चुकवू नका.

उलट दिशेने, म्हणजे दुकानदाराने सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल दिली तर इंकस्केप ती बहुधा उघडतं. आकार येतात, मजकूर त्या फॉन्टअभावी बिघडतो. त्याला कोरलमध्येच मजकुराचे 'कर्व्ह' करून पीडीएफ मागा. त्यांच्या बोलीत 'कर्व्ह करून द्या' म्हटलं की लगेच समजतं.

रंगांबद्दल थोडं. इंकस्केपचा पीडीएफ १.४ मालिकेपर्यंत तरी आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत निघतो. फ्लेक्सला त्याने फारसं अडत नाही, मशीनचं सॉफ्टवेअर रंग बदलून घेतं. पडद्यावरचे झगझगीत पोपटी आणि विजेरी निळा तेवढे छापून मंद येतात, ते मुळातच टाळा. भगव्यासाठी दुकानात मॅजेंटा ६० आणि पिवळा १०० च्या आसपास सांगितलं की लालसर किंवा हळदी होण्याची भीती कमी. ऑफसेटवर, म्हणजे पत्रिकेसाठी, हेच प्रकरण नाजूक होतं. आरजीबीतला काळा चार शाईंत फुटतो. बारीक अक्षरं चार प्लेटांवर जातात, एखादी प्लेट केसभर सरकली की प्रत्येक मात्रेला रंगीत सावली. काळा मजकूर फक्त काळ्या शाईतच हवा. विकतच्या इलस्ट्रेटर किंवा कोरलचा खरा फायदा इथे दिसतो, तिथे सीएमवायके पहिल्यापासून हाताशी असतं. फुकटात हेच स्क्रायबसमध्ये करता येतं: नक्षी इंकस्केपमध्ये, मजकूर आणि अंतिम पान स्क्रायबसमध्ये, रंग तिथे सीएमवायकेचे, काळा १०० आणि बाकी शून्य. पान कापण्यासाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडा. पत्रिका एकाच रंगात, सोनेरी किंवा मरून शाईत स्क्रीन प्रिंटिंगने होणार असेल तर आणखी सोपं. त्यांना फिल्मसाठी नुसती काळी आकृती लागते, इंकस्केपचा काळा-पांढरा पीडीएफ पुरतो. मजकूर १० पॉइंटच्या खाली नेऊ नका. इंग्रजी ८ ला वाचता येतं, मराठीत मात्रा आणि अनुस्वार शाईने बुजतात.

हिमरूची नक्षी हे मला तुमच्या यादीतलं सगळ्यात चांगलं काम वाटतं, कारण ते शिकवतं जास्त. हिमरू असो की पैठणीची आसावली, एक बुट्टी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. इंकस्केपमध्ये एकच बुट्टी काढा, तीही अर्धी. उरलेली अर्धी आरशात फिरवून घ्या. मग 'एडिट' मेनूतल्या 'क्लोन'मधून 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स' उघडा. ओळी आणि स्तंभांची संख्या द्या, एकाआड एक ओळ अर्ध्या बुट्टीने सरकवायला 'शिफ्ट'मध्ये 'शिफ्ट एक्स'च्या प्रत्येक ओळीच्या खान्यात ५० टक्के भरा आणि ओळींसाठी 'ऑल्टरनेट'ची खूण करा. यातली मजा अशी की मूळ बुट्टीची पाकळी बदलली की सगळ्या ठिकाणी बदलते. हाताने रंगवल्यासारखं हवं असेल तर क्रिटा घ्या, तेही फुकट. त्यात गुंडाळून रंगवायची एक सोय आहे: पानाच्या उजव्या कडेबाहेर गेलेला ब्रश डावीकडून आत येतो, त्यामुळे तुकडा जोडताना सांधा दिसत नाही. क्रिटात मजकूर मात्र लिहू नका, ते त्याचं काम नव्हे.

अ‍ॅफिनिटीचं नाव ऐकलं असेल. पूर्वी एकदाच पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. कॅनव्हाने २०२४ मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट केलं, कॅनव्हाचं खातं काढावं लागतं. सीएमवायकेसकट दमदार आहे. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी जुळत नसे. वरची श्रद्धाची ओळ आधी टाकून बघा आणि मगच वेळ घाला.

८ जीबी रॅम या सगळ्याला पुरते. विजेची व्यवस्था मात्र बघा. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असेल तर वीज गेल्यावर जे होतं ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट-आउटपुट'खाली 'ऑटोसेव्ह' आहे, तो पाच मिनिटांवर आणा. गिंपमध्ये ठरावीक वेळाने आपोआप साठवणारी सोयच नाही, तिथे बोटाला कंट्रोल-एसची सवय हवी. पैसे घालायची फारच इच्छा असेल तर ते आधी नव्या बॅटरीत आणि बऱ्यापैकी माउसमध्ये घाला. टचपॅडवर बुट्टीची वळणं काढणं म्हणजे शिक्षा आहे.

विकतचं कधी घ्यावं? जेव्हा एखादं विशिष्ट काम फुकटच्यात दर वेळी अडतं आणि ते काम महिन्यातून दोन-तीनदा येतं, तेव्हा. कोरल आणि अडोबी दोघांच्याही काही दिवसांच्या चाचणी आवृत्त्या मिळतात. ज्या आठवड्यात खरं काम हातात आहे त्याच आठवड्यात ती सुरू करा. अडोबीच्या योजनेत एक मेख आहे. 'वार्षिक, दरमहा हप्ता' ही योजना महिन्याची वाटते, पण करार वर्षाचा असतो. १४ दिवसांनंतर मध्येच सोडली तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. लग्नाच्या एका महिन्यासाठी हवं असेल तर खरीखुरी मासिक योजना घ्या. हप्ता मोठा दिसतो, एकूण खर्च कमी पडतो. कोरलमध्ये वर्षाची वर्गणी आणि एकदाच विकत घ्यायचा असे दोन्ही प्रकार आहेत. हौशी माणसाला दुसरा परवडतो, कारण तो चार-पाच वर्षं जुनीच आवृत्ती वापरत राहतो.

'क्रॅक', म्हणजे परवाना फोडलेली चोरीची प्रत टाकून देतो म्हणणारा कुणीतरी भेटेलच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद वगळून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. पण कायद्याच्या आधी त्रास येतो तो वेगळ्याच वाटेने. क्रॅक चालवायला अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं खातं उघडलेलं असतं.

तेव्हा या आठवड्यात इंकस्केप आणि गिंप त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून उतरवा. भलत्याच साइटवरून घेतलं तर फुकटच्याबरोबर नको ते येतं. गणपतीचा फ्लेक्स हे पहिलं छापील काम ठेवा, त्यात रंग थोडा चुकला तरी दहा दिवसांत उतरतो. पत्रिका त्यानंतरच. ती करताना छापखान्यात मुहूर्ताच्या दीड महिना आधी जा आणि प्लेट काढण्याआधी कागदावर प्रूफ मागा. पडद्यावर तपासलेलं प्रूफ मानू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना नावं, नाती, तिथी आणि पत्ता वाचायला लावून त्याच कागदावर सही घ्या.